आप्पा, ते धडे मी पुसले

आप्पा, तुला बसवून नेलं. तुमच्या लिंगायतांत तशीच रीत आहे हे मला माहीत होतं, तुझ्या वडिलांच्या वेळी मी तुमच्या गावी, देवगाव फाट्याला आलोही होतो. पण तुला तसं बघायची तयारी नव्हती. कपाळभर भस्म, गळ्यात बेलाची माळ, पाठीला टेकू. मी समोर उभा होतो आणि वाटत होतं, आता हा डोळे उघडेल आणि म्हणेल, "भानुदास, बस की. उभा कशाला ऱ्हायलास?" मी बसलो नाही. तुझ्यासमोर निवांत बसणं मला तीन वर्षांपासून जमत नव्हतं.

प्राचार्यांनी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तुझ्यावर लिहायला सांगितलंय. "तुमचा इतका जुना सहवास सर, दोन पानं सहज होतील," असं म्हणाले. सहज! महिना झाला, कोरा कागद समोर घेऊन बसतो आणि उठतो. मी बेजार झालोय आप्पा. गुडघे बोलायला लागलेत, चौथ्या तासाला आवाज बसतो, आणि तुझ्याबद्दल 'हसतमुख', 'विद्यार्थिप्रिय', 'अजातशत्रू' वगैरे लिहायचा तर इतका कंटाळा येतो की पेन उचलवत नाही. तू हसतमुख नव्हतास. तू चिडका होतास, हट्टी होतास, आणि गणिताच्या माणसाला शोभेल असा चिकट होतास. मला तुझ्याबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे. ती मथळ्यातच लिहून टाकली, म्हणजे आता मला मागं फिरता येणार नाही.

आपल्या कॉलेजात कॉम्प्युटर आला तो दिवस तुला आठवतच असेल, म्हणजे आठवला असता. जीपमधून खोकी उतरली. प्राचार्यांनी रस्त्याकडच्या खोलीला निळे पडदे लावले, दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी लावली. दसऱ्याला शिपायानं सगळ्या यंत्रांबरोबर त्यालाही हळदीकुंकू लावलं, आणि तू खोलीच्या दारातून ओरडलास, "अरे पडद्याला नको, टेबलाला लाव, टेबलाला!" त्या यंत्राचं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. पाहुणे आले की दाखवायचं, एवढं ठरलं होतं. तू उठलास आणि बी.एस्सी. पहिल्या वर्षासाठी आठवड्याचे दोन तास मागितलेस.

सगळ्यांना वाटलं, हे चार दिवसांचं वेड आहे. मलाही तसंच वाटलं. पण तू घरून वहीत शिसपेन्सिलीनं ओळी लिहून आणायचास आणि तास नसला की त्या खोलीत बसून एकेका बोटानं टाइप करायचास. टाइप झालं की चिकटपणानं त्या ओळी खोडून त्याच पानांवर पुढचा धडा लिहायचास. त्या यंत्राच्या पोटात काही साठत नव्हतं. जे काय लिहिशील ते त्या काळ्या, चौकोनी, पातळ फ्लॉप्यांवर ठेवायचं. दोन वर्षांत तुझे गणिताचे एकोणीस धडे झाले. यंत्र प्रश्न विचारायचं, पोरगं उत्तर टाइप करायचं, मग यंत्र पुढचा प्रश्न विचारायचं. अक्षरं इंग्रजी आणि भाषा मराठी, कारण त्या यंत्राला आपली अक्षरं येत नव्हती आणि आपल्या पोरांना इंग्रजी.

त्यावरून आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हणालो, "हे धड इंग्रजी नाही, धड मराठी नाही. परीक्षेत काय लिहिणार ही पोरं?"

"आधी समजू दे की," तू म्हणालास. "समजल्यावर लिवतील."

"समजवायला फळा आहे. मास्तर आहे."

तू चष्मा काढून पुसायला लागलास. तू चष्मा पुसायला लागलास की मी ओळखायचो, आता लागेल असं काहीतरी येणार. "भानुदास, मशीन पोराला हसत न्हाई," तू म्हणालास. "तू हसतोस."

खरं होतं. मी हसायचो. पिंपळगावच्या नाहीतर कुठल्याशा गावच्या पोराला उभं करून न्यूटनचा नियम इंग्रजीत म्हणायला लावायचो, आणि तो अडखळला की त्याची नक्कल करायचो. वर्ग खळखळून हसायचा. मला वाटायचं, यालाच वर्गावर पकड म्हणतात. मी तुला तेव्हा जोरात उत्तर दिलं होतं. म्हणालो, निजामाच्या राज्यात मी पिंगळीच्या शाळेत उर्दूत अलिफ-बे शिकलो, मग राज्य बदललं आणि मराठीत आलो, मग कॉलेजात इंग्रजीत. तीन वेळा पाटी पुसली. माझ्यासाठी कोणी थांबलं होतं का?

"न्हाई थांबलं," तू म्हणालास. "म्हणून तू बी थांबणार न्हाईस का?"

मी हजेरीपट उचलून तासाला निघून गेलो. पण आता निदान एवढं कबूल करतो की त्या दिवशी तू जिंकला होतास.

तुझ्या त्या खोलीबाहेर व्हरांड्यात पोरं ओळीनं उभी राहायची. चौघाचौघांना आत घ्यायचास. चुडाव्याहून पॅसेंजरनं येणारी एक मुलगी होती. माझ्या वर्गात वर्षभरात तिच्या तोंडून 'येस सर' याखेरीज शब्द ऐकला नव्हता. एकदा तिची गाडी चुकली, का तर तुझ्या यंत्रापुढून उठेचना. मी विचारलं, एवढं काय आहे गं त्यात? तर म्हणाली, "सर, ह्ये कितीदा बी चुकलं तरी चिडत न्हाई." मी स्टाफरूममध्ये हे चेष्टेनं सांगितलं. सगळे हसले. तू हसला नाहीस. तू तिचं वाक्य वहीत लिहून घेतलंस.

हे तुझ्या डोक्यात कुठून आलं ते मला नंतर उमगलं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव घरं पेटली, तेव्हा आपल्या वर्गातली काही पोरं आईबापांसकट गाव सोडून गेली. कोणी नातेवाइकांकडं, कोणी शहराच्या कडेला. त्यांची नावं तू हजेरीतून खोडली नाहीस. रोज घ्यायचास. नाव घ्यायचं, जरा थांबायचं, पुढचं नाव. मला ते नाटकी वाटायचं. पण सायकलवर पिशवीत हातानं लिहिलेल्या नोट्स घेऊन तू त्यातल्या दोघातिघांना शोधत हिंडलास, हे मला तुझ्याकडून नाही, त्यांच्यातल्याच एकाकडून फार उशिरा कळलं. जो वर्गात येऊ शकत नाही त्याच्यापर्यंत वर्ग कसा न्यायचा, हे तेव्हापासून तुला खात होतं.

म्हणूनच एका रविवारी माझ्याकडं चहा पिताना तू ते काढलंस. कुठल्याशा मासिकात वाचून आला होतास. परदेशात म्हणे कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारांनी एकमेकांना जोडतात. एका गावातल्या यंत्रात धडा ठेवला की दुसऱ्या गावातल्या यंत्रावर दिसतो.

"म्हंजे बघ," तू कपाखालची बशी बाजूला सारून बोटानं टेबलावर रेघा काढायला लागलास, "ह्ये परभणी, ह्ये सेलू, ह्ये पूर्णा. गाडी बंद असू दे, बस बंद असू दे. पोरगं आपल्या गावात बसून धडा वाचंल."

मी एवढा हसलो की चहा सांडला. "आप्पा, आपल्या कॉलेजातून जिंतूरला ट्रंककॉल लावला तर दुपार जाते. लागला तर पलीकडचा माणूस म्हणतो, मोठ्यानं बोला. तुझा धडा त्या तारेतून जाणार? निम्म्या वाटेवर कावळे खातील."

"हस," तू म्हणालास. "तू हसून घे. मी तवर हातानं पाठवतो."

आणि दुसऱ्याच दिवशी तू माझ्याकडं अर्ज घेऊन आलास. पूर्णेच्या कॉलेजातही तसंच यंत्र आलं होतं. तिथले एक सर रोज पॅसेंजरनं जा-ये करत. त्यांच्या हाती तुला सगळ्या धड्यांची एक प्रत द्यायची होती. फिजिक्सचा विभागप्रमुख म्हणून नाही, तर कॉलेजच्या सामानाची नोंद माझ्याकडं होती म्हणून माझी सही हवी होती. मी सही केली नाही. कॉलेजची वस्तू कॉलेजबाहेर जाणार नाही, म्हणालो. तू म्हणालास, "अरे, वस्तू इथंच ऱ्हाईल. नक्कल जाईल फकत." मी म्हणालो, नक्कल ज्या फ्लॉपीवर आहे ती फ्लॉपी कॉलेजची आहे. नियम बरोबर होता. तू अर्जाची घडी करून खिशात ठेवलीस आणि म्हणालास, "लय अडवायलास बघ तू." त्या दिवशी मी ती सही केली असती, तर पुढं मी जे केलं त्यानं एवढं नुकसान झालंच नसतं.

आता ते सांगतो.

नामांतराचं वातावरण पुन्हा तापलं होतं. एकाचा बंद, मग दुसऱ्याचा बंद. कॉलेज बेमुदत बंद ठेवायचं ठरलं. तू आदल्या दिवशीच वडिलांच्या पुण्यतिथीला की कशाला देवगाव फाट्याला गेलेला, आणि बस बंद झाल्यानं तिकडंच अडकलेला. मी संध्याकाळी शेवटचा सगळ्या खोल्या बघायला गेलो. तुझी खोली रस्त्याकडं, खिडक्या काचेच्या. मला वाटलं, एक दगड आला तर आप्पाचे दोन वर्षांचे कष्ट जातील. यंत्र जड, ते हलणार नव्हतं. मी फ्लॉप्यांचा डबा उचलला. तू प्रत्येक धड्याच्या दोन-दोन प्रती काढायचास, शहाणपणानं. त्या दोन्ही त्याच डब्यात होत्या.

कॉलेजात सगळ्यांत भक्कम कपाट माझ्या प्रयोगशाळेत. लोखंडी, दोन कुलपांचं. डबा फळीवर मावेना. मग मी फ्लॉप्या बाहेर काढल्या, मऊ फडक्यात गुंडाळल्या आणि खालच्या फळीवर सपाट ठेवल्या. त्या वाकू नयेत म्हणून फळीवरचीच एक जड कापडी पिशवी उचलून त्यांच्यावर ठेवली. प्रयोगवह्यांची पानं मुडपू नयेत म्हणून मी नेहमी असंच वजन ठेवतो. पिशवी जड आहे एवढंच हाताला कळलं. दोन्ही कुलपं लावली आणि मोठ्या समाधानानं घरी गेलो.

पिशवीत चुंबक होते. प्रॅक्टिकलचे पट्टीचुंबक, डझनभर.

आठ दिवस ते तुझ्या धड्यांवर बसून होते. कॉलेज उघडलं त्या सकाळी मी लवकर जाऊन फ्लॉप्या परत डब्यात भरल्या, होत्या त्याच क्रमानं, आणि डबा तुझ्या टेबलावर ठेवला. तुला सांगणारही होतो, की बाबा, तुझी लेकरं मी सांभाळली. पण तू दुपारी आलास, आणि मला तास होता. तास संपवून आलो तर व्हरांड्यात पोरं उभी, आत तू एकामागून एक फ्लॉपी घालतोयस, काढतोयस. प्रत्येक वेळी यंत्र तेच सांगत होतं, वाचता येत नाही. तू पोरांना म्हणालास, "तुमी जावा आज." चपला घालायला वाकलास आणि बराच वेळ उठला नाहीस.

तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं, आप्पा. एवढं तरी माझ्या बाजूनं लिहू दे. मलाही धूळ, उकाडा, विजेचा लपंडाव यांतलंच काही वाटलं. फ्लॉप्या हलवल्याचं मग सांगितलं नाही, कारण उगाच संशय नको. तिथंच पहिला खोटेपणा झाला.

संस्थेनं चौकशीला तिघांची समिती नेमली. सामान माझ्या नोंदीत, म्हणून त्यात मी. यंत्र तर नीट चालत होतं. कंपनीनं दिलेल्या फ्लॉप्या प्राचार्यांच्या कपाटात होत्या, त्याही नीट चालत होत्या. गेले ते फक्त तुझे धडे. म्हणजे चूक तुझीच असणार, इतका सरळ हिशेब. पहिल्या बैठकीनंतर मी दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलची मांडणी करायला कपाट उघडलं. चुंबकांची पिशवी उचलली. खाली फ्लॉपीचं एक कागदी पाकीट चिकटून राहिलेलं होतं. त्यावर तुझ्या बारीक अक्षरात 'धडा अकरावा' लिहिलेलं.

मी तिथंच स्टुलावर बसलो. पंचवीस वर्षं पोरांना चुंबकत्व शिकवणारा माणूस मी. गणितवाल्याला हे सुचलं नसतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. फ्लॉपीवर मजकूर कसा साठतो ते तूच मला एकदा समजावलं होतंस, आणि मी म्हणालो होतो, हे तर आमचंच शास्त्र. मला रडू आलं नाही. मला आधी काय सुचलं सांगू? हे कळलं तर पोरं हसतील. जन्मभर ज्यांना हसलो ती पोरं मला हसतील. तेवढ्यासाठी मी ते पाकीट चुरगाळून खिशात घातलं.

दुसऱ्या बैठकीत अहवाल समोर आला. 'संबंधित प्राध्यापकांच्या हाताळणीतील निष्काळजीपणामुळे' असं वाक्य होतं. तिसरी सही माझी आहे. यंत्र प्रवेशाच्या याद्या करायला ऑफिसात गेलं. निळे पडदे तेवढे राहिले.

तू भांडशील असं वाटलं होतं. भांडला असतास तर त्या भरात मी कदाचित बोलून गेलो असतो. पण तू अहवाल वाचलास, चष्मा पुसलास आणि खडू घेऊन वर्गावर गेलास. चुडाव्याची ती मुलगी व्हरांड्यात तुला विचारत होती, "सर, ते धडे परत कवा यायलेत?" आणि तू म्हणालास, "बघू." त्यानंतर तीन वर्षं तू दर रविवारी माझ्याकडं चहाला येत राहिलास. देशाचं, पावसाचं, पोरांच्या नोकऱ्यांचं बोललास. यंत्राचा विषय तू काढला नाहीस, मी काढला नाही. दर रविवारी मनात म्हणायचो, आज सांगू. तू बशीत चहा ओतायचास आणि मी म्हणायचो, पुढच्या वेळी. यंदा विद्यापीठाच्या पाटीवर नवं नाव लागलं, त्या रविवारी तू खूश होतास, म्हणालास, "बघ भानुदास, उशिरा का होईना, झालं." तेव्हाही माझ्या तोंडाशी आलं होतं. तुझ्या आनंदावर विरजण नको, म्हणून गिळलं. सबबी मला कधी कमी पडल्या नाहीत. पुढं तीन रविवार झाले आणि तू गेलास.

तेरा-चौदा दिवसांनी वहिनींनी बोलावून घेतलं. एक वही पुढं केली. "ह्ये तुमच्या कालेजचं हाय भाऊजी. मला त्यातलं काई कळत न्हाई. ऱ्हायलं तर पोरं रद्दीत घालतील."

उघडून बघितलं तर शिसपेन्सिलीनं लिहिलेल्या ओळी. तू ते धडे पुन्हा लिहायला घेतले होतेस. पहिला पूर्ण. दुसरा निम्मा. पुढची पानं कोरी. मी म्हणालो, "कधी लिहीत होता हे?"

"ते मशीन आफिसात नेलं ना, त्याच्या पुढल्या महिन्यात," वहिनी म्हणाल्या. "मग बंद केलं. हाताचं लय मनावर घेतलं होतं त्यांनी."

"हाताचं?"

"तळहाताला घाम सुटायचा की त्यांच्या. खडू ओला व्हायचा, ठावं हाय ना तुमाला? ते म्हणायचे, त्या घामानंच सगळं गेलं असंल. जेवायला बसले तरी ताटावरचा हात उलटा करून बघायचे. ही वही लिवतानाबी हाताखाली रुमाल धरायचे."

मी काय केलं असेल आप्पा? वही घेतली, चहा घेतला आणि घरी आलो. तेव्हाही बोललो नाही. माणूस किती खाली जाऊ शकतो ते मी स्वतःकडं बघून शिकलो.

पण त्या रुमालानं मला झोपू दिलं नाही. ऑफिसातल्या हेडक्लार्कला म्हणालो, दुपारच्या सुट्टीत तुझं यंत्र मला दे. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला उतारवयात हौस आली. मी तुझा पहिला धडा टाइप करायला घेतला. तू एका बोटानं करायचास, मलाही एकच बोट. कुठं टिंब राहायचं, कुठं अवतरणचिन्ह, आणि यंत्र अडून बसायचं. आठ दुपारी गेल्या. चौकशी करायला येणाऱ्या पोरांपैकी एकदोघं मागं उभी राहून बघायची आणि मी चुकलो की सांगायची, "सर, तितं एक कमी पडायलंय." कोणी हसलं नाही.

नवव्या दिवशी धडा चालला. हिरव्या अक्षरांत प्रश्न आला. परभणीहून पिंगळीला निघालेला माणूस दर वेळी उरलेल्या वाटेच्या निम्मी वाट चालतो. उरलेलं अंतर कोणत्या आकड्याच्या जवळ जवळ जातं? पिंगळी तू माझ्यासाठीच घातली असशील, वात्रटा. उत्तर शून्य. ते मला येत होतं. पण चुकलेल्या पोराला तू काय सांगत होतास ते मला बघायचं होतं. माझ्या वर्गात कधीच कोणाला ऐकायला मिळालं नाही ते. मी पाच टाइप केलं.

यंत्रानं लिहिलं, 'चुकलं. हरकत नाही. आधी माझंपण असंच चुकलं होतं. परत सांग.'

क्लार्क डबा धुवायला गेला होता. मी इकडंतिकडं बघितलं आणि एकेक अक्षर शोधत टाइप केलं, आप्पा ते धडे मी पुसले.

शून्य सोडून काहीही लिहिलं तरी ते हेच उत्तर देणार, एवढं मला कळतं. ओळ मीच तर टाइप केली होती. तरी वाचलं. 'चुकलं. हरकत नाही. आधी माझंपण असंच चुकलं होतं. परत सांग.'

ही क्षमा नव्हे. यंत्राला क्षमा करता येत नाही, आणि तुझ्या वतीनं ती घ्यायचा मला हक्क नाही. पण 'परत सांग' हे मात्र ऐकण्यासारखं होतं. क्लार्क आला तेव्हा मी उठलो आणि टोपी घेऊन सरळ तुझ्या घरी गेलो.

वहिनी ज्वारी निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बंद, कपाट, पिशवी, पाकीट, सही. त्यांनी सुपातला एक खडा काढला, बाजूला ठेवला, मग हातच थांबले. मला वाटलं, चालते व्हा म्हणतील. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तीन वर्सं," त्या म्हणाल्या. "दर ऐतवारी तुमच्याकडं यायचे. येताना कदी म्हणले न्हाईत, भानुदासनं असं केलं, तसं केलं. भानुदासचा चहा चांगला असतो म्हणायचे."

मी म्हणालो, "वहिनी, मला माफी..."

"मला कशाला सांगायलाव भाऊजी?" त्यांनी पदरानं डोळे पुसले. आवाज चढला नव्हता. "मी सही केलती का त्या कागदावर? जितं त्यांचं नाव खराब केलंव, तितं जाऊन सांगा."

म्हणून हे इथं लिहिलं. ज्या अंकात तुझा फोटो हार घालून छापणार आहेत त्याच अंकात. अहवालाला हे पान जोडावं असा अर्जही काल दिला. प्राचार्यांनी लेख वाचला, दोनदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "सर, दीड वर्षावर रिटायरमेंट आहे. हे एवढं छापायलाच पाहिजे का?" मी म्हणालो, छापायलाच पाहिजे. पोरं वाचतील. हसायचं तर हसतील.

आणि एक, आप्पा. अहवालातलं ते वाक्य खोडायला लावीन, न लावीन, ते संस्थेच्या हाती. पण तू ज्याची उलटसुलट तपासणी करत राहिलास, ते तरी मला आज स्पष्ट लिहू दे. धडे चुंबकानं गेले. तुझ्या हातांत काही दोष नव्हता.